बैलगाडीचा खेळ आणि इतिहासाचे गणित

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील एका होतकरू शिक्षकाने १९७१ साली इतिहासाच्या वर्गासाठी रचलेला ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ पुढे कित्येक वर्षे तेथील शाळाशाळांतून खेळला गेला. संगणकावरील शैक्षणिक खेळांच्या आद्य नमुन्यांत त्याची गणना होते. नियमांच्या आधारे इतिहास शिकवता येतो, हे या खेळाने दाखवून दिले. नियमांत जे बसत नाही ते विद्यार्थ्याच्या नजरेतून कसे निसटते, हेही त्याच खेळाने दाखवले.

कागदावर चालणारी गाडी

३ डिसेंबर १९७१ रोजी मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरात, जॉर्डन ज्युनियर हायस्कूल या शाळेच्या इतिहासाच्या वर्गात एक टेलिटाइप यंत्र आणण्यात आले. टंकलेखन यंत्रासारखा कळफलक, वर कागदाची लांबलचक गुंडाळी आणि दूरध्वनीच्या तारेने जोडलेला दूरवरचा संगणक, असा सारा थाट होता. पडदा नव्हता, चित्रे नव्हती. रंगांचा तर प्रश्नच नव्हता. संगणकाला जे सांगायचे ते खडखडाट करीत कागदावर उमटे आणि विद्यार्थी त्याखाली आकडा किंवा शब्द टंकून उत्तर देत.

हा खेळ घडवणारे तिघेही विशीतले तरुण होते. डॉन रॅविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे नॉर्थफील्ड येथील कार्लटन कॉलेजचे विद्यार्थी. अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून ते मिनियापोलिसच्या शाळांत शिकवीत होते. रॅविच यांच्याकडे इतिहास हा विषय होता, तर इतर दोघांकडे गणित. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातून हजारो कुटुंबे पश्चिमेकडे वसाहत करण्यासाठी निघाली, तो धडा रॅविच यांना शिकवायचा होता. पाठ्यपुस्तकातील सनावळ्यांपेक्षा वेगळे काही करावे म्हणून त्यांनी नकाशा, पत्ते आणि फासे यांचा एक पटावरचा खेळ योजला. घरी तो पाहून, हा खेळ संगणकावर अधिक चांगला चालेल, असे हाइनमन यांना वाटले. सुमारे दोन आठवड्यांत तिघांनी मिळून बेसिक या संगणकीय भाषेत तो लिहून काढला.

संगणकाचा शिक्षणासाठी खेळासारखा वापर करण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील मेबल ॲडिस या शिक्षिकेने १९६०च्या दशकाच्या मध्यास आयबीएमच्या साहाय्याने ‘सुमेरियन गेम’ रचला होता. त्यात विद्यार्थी प्राचीन सुमेरमधील राज्यकर्ता होऊन धान्याचे वाटप करीत असे. मात्र, तो प्रयोग मोजक्या मुलांपुरताच राहिला. मिनियापोलिसच्या खेळाचे नशीब वेगळे होते.

सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाची मांडणी अगदी सुटसुटीत होती. साल १८४७. मिसुरी राज्यातील इंडिपेन्डन्स या गावाहून पाच जणांचे कुटुंब निघते आणि त्याला ओरेगॉन सिटी गाठायची असते. अंतर २,०४० मैल, म्हणजे सुमारे ३,३०० किलोमीटर. गाठीशी ९०० डॉलर. त्यांतले २०० गाडीवर खर्च झालेले. उरलेल्या ७०० डॉलरमध्ये बैल, धान्य, दारूगोळा, कपडे आणि औषधपाणी बसवायचे. बैलांवर पैसे वाचवले तर गाडी रेंगाळणार, धान्यावर वाचवले तर उपासमार होणार. दर दोन आठवड्यांनी निर्णयाची वेळ येई. शिकारीला जायचे की पुढे सरकायचे? पोटभर जेवायचे की अर्धपोटी राहायचे? शिकार करायची म्हणजे ‘बँग’ हा शब्द शक्य तितक्या झटपट आणि अचूक टंकायचा. किती वेळ लागला ते संगणक मोजे आणि त्यावर नेम लागला की हुकला ते ठरे.

यंत्र एकच आणि मुले अनेक. त्यामुळे वर्गात आपोआप कामांची वाटणी झाली. ज्याचा हात टंकनावर चपळ, त्याच्याकडे शिकार. कोणी नकाशावर गाडीची जागा पाही, कोणी पैशाधान्याचा हिशेब ठेवी. प्रवासातील कुटुंबाला जशी एकमेकांची गरज होती, तशीच ती गटातल्या मुलांनाही भासू लागली. हा धडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता.

शंभरातला हिशेब

सत्र संपले, तसे रॅविच यांनी खेळाची संपूर्ण संहिता कागदावर छापून घेतली आणि संगणकावरून ती पुसून टाकली. तीन वर्षे तो खेळ कागदाच्या गुंडाळीतच राहिला. १९७४ साली रॅविच यांना ‘मिनेसोटा एज्युकेशनल कम्प्युटिंग कन्सॉर्शियम’ म्हणजेच ‘मेक’ या संस्थेत काम मिळाले. राज्यभरातील शाळांना एका मोठ्या संगणकाशी तारेने जोडण्यासाठी १९७३ साली ही सरकारी संस्था स्थापन झाली होती. जपून ठेवलेल्या कागदांवरून रॅविच यांनी ती संहिता ओळीमागून ओळ पुन्हा टंकली. त्याचबरोबर त्यांनी एक महत्त्वाचा बदलही केला.

पहिल्या आवृत्तीत संकटे किती वेळा येणार, हे बव्हंशी अंदाजाने ठरवले होते. आता रॅविच यांनी या वाटेने प्रत्यक्ष गेलेल्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या. गाडी किती वेळा मोडे, पाऊस-गारा किती वेळा गाठत, आजारपण किती वेळा येई, याचे प्रमाण त्यांनी त्या नोंदींवरून ताडले आणि तेच प्रमाण खेळात घातले.

ते कसे घातले, हे पाहण्यासारखे आहे. ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ या मासिकाने १९७८ साली खेळाची संहिता छापली, त्यामुळे तिच्या पोटात काय आहे हे सर्वांसमोर आले. प्रत्येक पाळीला संगणक शंभरापर्यंतचा एक आकडा मनाशी धरतो आणि त्यावरून कोणता प्रसंग येणार ते ठरते. शंभरात सहा वेळा गाडी मोडते. दहा वेळा नदी ओलांडताना गाडीत पाणी शिरते. दोन वेळा साप डसतो. २६ वेळा आजारपणाची पाळी येते. पण आधी नीट जेवला असाल तर त्यातून सुटण्याची शक्यता अधिक, अर्धपोटी असाल तर कमी. आणि शंभरात पाच वेळा वाटेत भेटलेले मूलनिवासी अन्न कोठे मिळेल ते दाखवतात. जागेचाही विचार केलेला होता. ९५० मैल पार झाले की डोंगर सुरू होत आणि त्यांच्याबरोबर हिमवादळे येत.

घोडेस्वारांचा प्रसंग तर विशेष बोलका होता. समोरून स्वार येताना दिसत. ते शत्रू वाटतात की नाही, हेही संगणक सांगे. त्यावर पळायचे, हल्ला करायचा, सरळ पुढे जायचे की गाड्यांचे कडे करायचे, हे मुलांनी ठरवायचे. पण पाचांतून एकदा दिसणे खोटे ठरे. शत्रू वाटलेला मित्र निघे आणि मित्र वाटलेला शत्रू.

दैव आणि शहाणपण यांची ही सांगड हेच या खेळाचे खरे बळ होते. सगळेच दैवाधीन असते तर मुलांनी विचार केला नसता आणि सगळेच हिशेबात बसले असते तर एकदा उत्तर सापडल्यावर खेळ संपला असता. पुरेसे धान्य घेऊन, वेळेवर निघूनही कुटुंब दगावू शकते, हे प्रवासाचे सत्य मुलांना व्याख्यानाने पटले नसते. ते त्यांनी अनुभवले.

खरी वाट कशी होती?

ही वाट काल्पनिक नव्हती. १८४३ साली सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा तांडा ओरेगॉनकडे निघाला. त्यानंतर १८६९ साली खंडाच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत तीन ते चार लाख माणसे या वाटेने आणि तिच्या फाट्यांनी ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेली, असा अंदाज आहे. वसंतात गवत उगवल्यावर निघायचे आणि बर्फ पडण्यापूर्वी डोंगर ओलांडायचे, अशी पाच-सहा महिन्यांची ही शर्यत होती. गाड्यांना बहुतेक बैलच जुंपलेले असत. खेचरांपेक्षा ते संथ असले तरी स्वस्त, काटक आणि रानातल्या गवतावर निभावणारे होते. गाडी सामानाने भरलेली असल्याने धडधाकट माणसे बाजूने चालत जात. दिवसाकाठी पंधरा मैल झाले तर मजल चांगली समजली जाई.

चित्रपटांनी या प्रवासाची प्रतिमा रंगवली ती मूलनिवासींच्या हल्ल्यांनी. इतिहासकार जॉन अनरू यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १८४० ते १८६० या काळातील नोंदींचा छडा लावला. वीस वर्षांत मूलनिवासींच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूलनिवासी, असा हिशेब त्यांनी मांडला. वाटेत मेलेल्या हजारोंच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. माणसे मेली ती मुख्यतः रोगांनी. त्याखालोखाल नदीत बुडून, गाडीच्या चाकाखाली सापडून आणि स्वतःच्याच बंदुकीचा बार उडून.

रोगांत सर्वांत भीषण होती पटकी. १८४९, १८५० आणि १८५२ या वर्षांत तिने प्लॅट नदीच्या काठाने थडग्यांची रांग लावली. या रोगाचा आपल्याशी असलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. बंगालमध्ये गंगेच्या मुखाकडील प्रदेशातून १८१७ पासून पटकीच्या साथी जगभर पसरल्या. पंढरीच्या वारीवर एकोणिसाव्या शतकात जिचे सावट असे, तीच पटकी समुद्र ओलांडून मिसुरीच्या काठी पोहोचली होती. दूषित पाण्याशी तिचा संबंध असल्याचे लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवले आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात तिच्या जंतूंचा शोध पक्का केला. १८४९च्या प्रवाशाला यांतले काहीच ठाऊक नव्हते. आधीच्या तांड्याने जेथे मुक्काम केला, तेथीलच पाणी तो पीत होता.

पडद्यावरची शिकार, पडद्यावरचे थडगे

१९७८ साली ‘मेक’ने ॲपल टू या संगणकाची निवड केली आणि मिनेसोटाच्या शाळांत ते यंत्र रुजले. कागदाच्या गुंडाळीची जागा पडद्याने घेतली. १९८५ साली फिलिप बूशार्ड यांच्या नेतृत्वाखाली खेळाची नव्याने बांधणी झाली. आज बहुतेक अमेरिकनांच्या स्मरणात आहे ती हीच आवृत्ती.

यात प्रवास १८४८ साली सुरू होतो. आधी आपण कोण ते ठरवायचे. बोस्टनचा बँकवाला असाल तर हाती १,६०० डॉलर, ओहायोचा सुतार असाल तर ८००, इलिनॉयचा शेतकरी असाल तर अवघे ४००. मात्र, शेवटी गुण मोजताना सुताराला दुप्पट आणि शेतकऱ्याला तिप्पट गुण मिळतात. गरिबाने तीच वाट चालणे अधिक अवघड असते, ही गोष्ट गुणांच्या साध्या पटीतून शाळकरी मुलाला कळते. प्रस्थान मार्चपासून जुलैपर्यंत केव्हाही ठेवता येते. लवकर निघाल्यास बैलांना गवत नाही, उशिरा निघाल्यास डोंगरात बर्फ. गाडीसाठी जादा चाके, आस आणि बैलांना जोडणारी दांडी विकत घ्यावी लागते. नदीशी आल्यावर पाण्याची खोली पाहून गाडी सरळ पाण्यात घालायची, फटी बुजवून ती तरंगवायची की पैसे मोजून तराफ्यावर चढवायची, हे ठरवायचे. बैलगाडीचा धुरळा अंगावर घेतलेल्या आपल्याकडच्या वाचकाला यातले बरेचसे शहाणपण परके वाटणार नाही.

शिकारीचा भाग मुलांना सर्वाधिक प्रिय होता. पडद्यावर बंदूकधारी आकृती फिरे आणि रानगवे, हरणे, ससे धावत. गवे कितीही मारले तरी १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो मांसच गाडीपर्यंत नेता येई. उरलेले रानात कुजण्यासाठी सोडल्याचा आकडा पडद्यावर स्पष्ट दिसे. तरीही मुले गोळ्या संपेपर्यंत मारतच राहत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोट्यवधींनी असलेले अमेरिकेतील रानगवे १८८०च्या दशकाअखेर काही शेंवर कसे आले, याचे उत्तर त्या वर्तनात काही अंशी दडलेले होते.

याच आवृत्तीत कुटुंबातील माणसांना नावे द्यायची सोय होती. मुले आपल्या मित्रांची, भावंडांची, कधी शिक्षकांची नावे देत. मग पडद्यावर अचानक ओळ येई, की अमुक जण आमांशाने दगावला. पटकी, विषमज्वर, गोवर, सर्पदंश अशी कारणे बदलत. पण आमांशाने मृत्यू ही ओळ अमेरिकेत पुढे विनोदाची होऊन बसली आणि सदऱ्यांवरही छापली गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या प्रारंभी जन्मलेल्यांना तेथे ‘ओरेगॉन ट्रेल पिढी’ म्हटले जाते, ते यामुळेच. त्या काळात अमेरिकेत शाळेत गेलेल्या मराठी घरांतील मुलामुलींचीही या खेळाशी ओळख वर्गातच झाली.

खेळाडूचा वाटेत मृत्यू झाला तर त्याच्या थडग्यावर दोन शब्द लिहिता येत. ते तबकडीवर साठवले जात आणि त्याच तबकडीवर नंतर खेळणाऱ्याला त्या जागी ते थडगे दिसे. पहिल्या तासाच्या मुलाने लिहिलेला मजकूर चौथ्या तासाच्या मुलीला सापडे. मजकूर बहुधा चेष्टेचाच असायचा. तरीही आपल्याआधी कोणीतरी याच जागी संपले, ही जाणीव खऱ्या प्रवाशांनाही वाटेत पावलोपावली होत होती.

रोजनिशी कोणाची?

इथवर या खेळाचे कौतुक योग्यच आहे. पण ज्या गोष्टीमुळे तो विश्वासार्ह झाला, तिच्यातच त्याची मर्यादाही होती. खेळातील आकडे रोजनिशांतून आले. रोजनिशा लिहिल्या त्या गाडीबरोबर चालणाऱ्यांनी.

या वाटेवरील प्रवाशांच्या रोजनिशा, पत्रे आणि आठवणी अशी दोन हजारांहून अधिक लेखने अभ्यासकांनी नोंदवली आहेत. सामान्य माणसांनी मागे ठेवलेला एवढा मोठा ठेवा दुर्मीळच. त्यातील स्त्रियांचे लेखन वाचले तर प्रवासाचे चित्र बदलते. वाटेतील थडगी मोजून त्यांची नोंद ठेवणाऱ्या बहुधा स्त्रियाच होत्या. कित्येकजणी गरोदरपणी निघाल्या, काही वाटेत बाळंत झाल्या. खेळातील कुटुंबात मात्र माणसे कमी होऊ शकतात, वाढत नाहीत. या वाटेवर कोणी जन्माला येत नाही.

रोगांचेही तेच. खेळात गोवर आणि पटकी प्रवाशांना होते; प्रवाशांकडून ती कोणाला होत नाही. प्रत्यक्षात १८४९ साली पटकी मैदानी प्रदेशातील पॉनी आणि चेयेन लोकांत शिरली आणि तिने मोठा संहार केला. पहिल्या आवृत्तीतील प्रवास ज्या १८४७ साली घडतो, त्याच वर्षी वॉला वॉला परिसरातील केयूस लोकांत गोवराची साथ पसरली. तांड्यांतील मुले बरी होत होती आणि केयूस मुले मरत होती. तेथील मिशनचे डॉक्टर मार्कस व्हिटमन आपल्या लोकांना विष देत आहेत, अशा समजुतीने काही केयूस पुरुषांनी त्या नोव्हेंबरात व्हिटमन, त्यांच्या पत्नी नार्सिसा आणि इतर काही जणांना ठार केले. खेळाची गाडी त्याच सुमारास त्याच भागातून जाते. पण तिला यातील काही दिसत नाही.

मूलनिवासींची प्रतिमा सुधारण्याचा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. प्रवाशांना वाट दाखवणारे, अन्न विकणारे मूलनिवासी रोजनिशांत जागोजागी भेटतात, हे लक्षात घेऊनच रॅविच यांनी मदतीचा प्रसंग खेळात घातला. सत्तरच्या दशकातील चित्रपटांच्या तुलनेत ही समज निश्चितच पुढची होती. तरीही खेळात ते येतात ते प्रवाशाला उपयोगी किंवा अपायकारक म्हणूनच. त्यांच्या कुरणांतील गवत हजारो बैलांनी फस्त केले, त्यांचे गवे पांगले, यासाठी शंभरातल्या हिशेबात एकही आकडा राखलेला नव्हता.

या त्रुटीवर नेमके बोट ठेवले ते वाट जेथे संपते त्याच ओरेगॉनमधील एका शिक्षकाने. पोर्टलंडचे बिल बिगलो यांनी १९९०च्या दशकात खेळाच्या सीडी-रॉम आवृत्तीची सविस्तर चिकित्सा केली. स्त्री किंवा कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणून खेळले तरी प्रवासात काही फरक पडत नाही. म्हणजे सर्वांना गोऱ्या पुरुषाच्याच डोळ्यांनी पाहावे लागते, असा त्यांच्या टीकेचा गाभा होता. त्यांनी खेळावर बंदी मागितली नाही. विद्यार्थ्यांनी खेळतानाच खेळाला प्रश्न विचारावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

ओरेगॉनला पोहोचल्यानंतर

विलामेट खोऱ्यात गाडी पोहोचली की खेळ संपतो. जिवंत राहिलेली माणसे, उरलेले बैल, पैसे यांचे गुण मोजले जातात. प्रवाशांच्या दृष्टीने खरी गोष्ट मात्र तेथून सुरू होत होती, कारण ते जमिनीसाठी आले होते.

ही जमीन कोणाला मिळाली? १८५०च्या कायद्याने ओरेगॉनमध्ये त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत आलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन देऊ केली. त्यात निम्मी पत्नीच्या नावे. गोरा आणि मूलनिवासी अशा मिश्र वंशाच्या पुरुषांनाही त्यात स्थान होते, कृष्णवर्णीयांना नव्हते. त्यांनी ओरेगॉनमध्ये राहूच नये असा कायदा १८४४ सालीच झाला होता. त्यामुळे खेळातील कृष्णवर्णीय प्रवासी जो गुणफलक पाहतो, तो प्रत्यक्षात त्याच्यासाठी नव्हताच.

शिवाय ही जमीन रिकामी नव्हती. विलामेट खोऱ्यात कलापुया लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. दरवर्षी ठरावीक काळी गवत जाळून त्यांनी ती कुरणे मोकळी राखली होती. १८३०च्या दशकात बाहेरून आलेल्या हिवतापाच्या साथीने त्यांच्यातील बहुसंख्य माणसे मेली. प्रवाशांना जी ‘नांगराची वाट पाहणारी’ माळराने दिसली, ती अशी मोकळी झालेली होती. जमिनीचे वाटप आधी झाले आणि कलापुयांशी करार झाला १८५५ साली. पुढच्याच वर्षी उरलेल्या कुटुंबांना ग्रँड रॉन्डच्या राखीव क्षेत्रात हलवण्यात आले.

नियम बदलताना

हे सारे खेळात कसे आणायचे, हा प्रश्न सोपा नाही. ‘मेक’नेच त्याचा एक कडू अनुभव घेतला. १९९२ साली संस्थेने ‘फ्रीडम’ नावाचा खेळ आणला. त्यात खेळाडू हा दक्षिणेतून निसटून उत्तरेकडे पळणारा गुलाम असे. हेतू चांगला होता. परंतु गुलामांच्या तोंडी घातलेली मोडकीतोडकी भाषा आणि वर्गात कृष्णवर्णीय मुलांची होणारी कुचंबणा यांमुळे पालकांनी आक्षेप घेतला आणि १९९३ साली तो मागे घ्यावा लागला. इतिहासातील प्रत्येक यातना गुणांच्या खेळात बसवता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

अलीकडच्या दोन प्रयत्नांनी निराळी वाट धरली. २०१९ साली ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’ हा खेळ आला. मूलनिवासी वंशाच्या एलिझाबेथ लापेन्से यांच्या पुढाकाराने मिशिगन स्टेट विद्यापीठात तो घडला आणि अनेक मूलनिवासी लेखकांनी त्यातील प्रसंग लिहिले. १८९०च्या दशकात जमिनीच्या सक्तीच्या वाटपामुळे मिनेसोटातील आपल्या ठिकाणाहून विस्थापित झालेली अनिशिनाबे व्यक्ती त्यात कॅलिफोर्नियाच्या दिशेने निघते. पहिला ‘ओरेगॉन ट्रेल’ ज्या मिनेसोटात घडला, तेथूनच हा प्रवासही सुरू होतो. प्रवासाची दिशाही पश्चिमच. पण येथे घर मिळवायचे नसून गमावलेले असते. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीने मूळ खेळाची नवी आवृत्ती काढली. तीसाठी मूलनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेण्यात आला आणि मूलनिवासी पात्र म्हणूनही खेळण्याची सोय झाली.

यावरून जुना खेळ खोटा होता, असे समजण्याचे कारण नाही. वर्गात एक यंत्र आणि हाती दोन आठवडे असताना तीन तरुणांनी मुलांच्या मनात इतिहासाविषयी जी ओढ निर्माण केली, ती थोर म्हणावी लागेल. रॅविच यांनी अंदाज सोडून पुराव्याचा आधार घेतला, ही तर इतिहासकाराचीच शिस्त होय. प्रश्न एवढाच, की पुरावा लिहून ठेवणाऱ्यांचा असतो आणि संगणकाने तो आकड्यांत मांडला की तो निसर्गनियमासारखा भासू लागतो. पुस्तकातल्या लेखकाशी विद्यार्थी वाद घालू शकतो. खेळाचे नियम त्याला दिसतच नाहीत. तो ते पाळतो.

आज आपल्याकडेही मुलांच्या हातात शैक्षणिक खेळ आणि ॲप आहेत. त्यांची निवड करताना पालक आणि शिक्षक बहुधा रंगसंगती, भाषा, फार तर अभ्यासक्रमाशी असलेला मेळ पाहतात. त्यापलीकडे दोन गोष्टी तपासण्याजोग्या आहेत. या खेळात गुण कशाचे मिळतात? आणि ज्याचे गुणही मिळत नाहीत व दंडही होत नाही, असे काय आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूल खेळता खेळता स्वतःच शोधते. दुसऱ्यासाठी मात्र शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची गरज लागते.

चौकट

‘ओरेगॉन ट्रेल’चे ठळक टप्पे

१९७१ : मिनियापोलिसच्या शाळेत टेलिटाइप यंत्रावर पहिला खेळ.

१९७४ : ‘मेक’साठी संहिता पुन्हा टंकली, रोजनिशांच्या आधारे सुधारणा.

१९७८ : ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ मासिकात संपूर्ण संहिता प्रसिद्ध.

१९८५ : ॲपल टू संगणकासाठी चित्रमय नवी आवृत्ती.

१९९६ : ‘मेक’ ही तोवर खासगी झालेली संस्था सॉफ्टकी कंपनीकडे. खेळाच्या तिन्ही मूळ निर्मात्यांना मानधनाचा वाटा मिळाला नाही.

२०१६ : न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाच्या ‘वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश. निरनिराळ्या आवृत्त्यांच्या मिळून साडेसहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते.

२०२१ : मूलनिवासी इतिहासकारांच्या सल्ल्याने गेमलॉफ्टची नवी आवृत्ती.